डीएनए कोणाचा, आणि तेथे आला कसा?

इतिहासाच्या अभ्यासकाला साधनचिकित्सेचा जो पहिला धडा मिळतो तो असा : कागद अस्सल ठरला म्हणजे त्यावरून काढलेला निष्कर्ष खरा ठरतोच असे नाही. पत्र खरोखर त्याच व्यक्तीच्या हातचे असेल. परंतु ते या दप्तरात कोणी, केव्हा व कशासाठी आणून ठेवले, हा प्रश्न वेगळा असतो आणि त्याचे उत्तर हस्ताक्षरात सापडत नाही. ‘एकदा डीएनए जुळला की गुन्हा सिद्ध’ हे वाक्य आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या तोंडी हमखास असते. दूरचित्रवाणीवरील मालिकांनी ते रुजवले आहे. प्रस्तुत लेखात तीच साधनचिकित्सा आम्ही या पुराव्याला लावून पाहणार आहोत.

माणसाचे शरीर त्वचेच्या पेशी सतत टाकीत असते. घाम आणि लाळ यांतूनही पेशी बाहेर पडतात. वसतिगृहातील एखादी बॅट घ्या. सकाळी एकाने ती खेळली, दुपारी दुसऱ्याने तिची मूठ धरली आणि तसाच जाऊन भोजनगृहातील पाण्याचा जग उचलला. पहिला मुलगा त्या दिवशी भोजनगृहाकडे फिरकलाही नसेल, तरी जगाच्या कानावर त्याच्या डीएनएचा अंश मिळू शकतो. स्वतःच्या स्पर्शाने लागलेल्या अंशाला प्राथमिक स्थानांतर म्हणतात. मधल्या माणसाने किंवा वस्तूने वाहून नेलेल्या अंशाला दुय्यम. टॉवेल, कंगवा, दाराची कडी, दूरध्वनी, सगळ्याच सामायिक वस्तू असे वाहक होऊ शकतात. ओलावा आणि घर्षण असेल तर स्थानांतर अधिक होते. काच किंवा प्लास्टिक यांसारखा गुळगुळीत पृष्ठभाग आपल्यावरील पेशी सहज सोडतो, कापड त्या धरून ठेवते. शिवाय काही माणसे इतरांपेक्षा अधिक पेशी मागे ठेवतात.

हा प्रश्न आरंभी कोणाला पडला नाही, याचे कारण तंत्रात आहे. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात १९८४ साली अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनए-ठशाची पद्धत शोधली तेव्हा परीक्षणासाठी रक्तासारख्या स्रावाचा ठळक डाग लागत असे. (खुनाच्या तपासात ही पद्धत प्रथम वापरली गेली तेव्हा खोटा कबुलीजबाब दिलेला एक तरुण तिच्यामुळे निर्दोष ठरला, हे आवर्जून सांगितले पाहिजे.) पुढे डीएनएच्या अल्प अंशाच्या असंख्य प्रती काढण्याचे तंत्र आले आणि आज पंधरा-वीस पेशींवरूनही ओळख पटवता येते. सोनाराच्या काट्याने धूळसुद्धा तोलावी तशी ही अवस्था झाली.

ऑस्ट्रेलियातील रोलंड व्हॅन ऊर्शॉट आणि मॅक्सवेल जोन्स यांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. नुसत्या हाताळलेल्या वस्तूंवरूनही डीएनए मिळतो, हे त्यांनी दाखवले. तपासयंत्रणांनी तेवढेच उचलले. त्याच निबंधात आणखी दोन गोष्टी होत्या : हस्तांदोलनाने एकाचा डीएनए दुसऱ्याच्या हातावर जातो, आणि वस्तूवर सर्वांत ठळक आढळणारा डीएनए शेवटी हाताळणाऱ्याचाच असतो असे नाही. पुढे अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील संशोधकांनी दोन-दोन व्यक्तींना दोन मिनिटे हस्तांदोलन करावयास लावून मग सुरी हाताळावयास दिली. सुमारे ८५ टक्के नमुन्यांत सुरीला हातही न लावलेल्या व्यक्तीचा डीएनए मिळाला. काही सुऱ्यांवर तर तोच प्रमुख होता. दोन मिनिटे कोणी कोणाचा हात धरून ठेवीत नाही आणि लगेच सुरीही उचलीत नाही, हा या प्रयोगावरील आक्षेप रास्त आहे. परंतु जे घडूच शकत नाही असे मानले जात होते ते घडू शकते, एवढे त्याने निश्चित सिद्ध केले.

प्रयोगशाळेबाहेर याची किंमत एका बेघर, कृष्णवर्णीय माणसाने मोजली. नोव्हेंबर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहराजवळ दरोडेखोरांनी एका धनिकाच्या घरात शिरून त्याला बांधले व त्यात त्याचा मृत्यू झाला. मृताच्या नखांवर मिळालेला डीएनए पोलिसांच्या संग्रहातील या माणसाशी जुळला. तो मद्याच्या आहारी गेलेला होता, त्याची स्मृती अधू होती. त्या रात्री आपण कोठे होतो हे त्याला आठवेना. आपल्या हातून तसे घडलेही असेल, असे तो स्वतःच वकिलाला म्हणाला! देहदंडापर्यंत जाऊ शकणारा आरोप डोक्यावर घेऊन तो पाच महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात राहिला. सरकारी खर्चाने मिळालेल्या बचावपक्षाने जुने कागद तपासले तेव्हा रुग्णालयाची नोंद हाती आली. दरोड्याच्या वेळी तो दारूच्या अंमलाखाली बेशुद्धावस्थेत रुग्णालयात होता. त्याला तेथे नेणारे रुग्णवाहिकेचे दोन कर्मचारीच काही तासांनी त्या धनिकाच्या घरी गेले होते. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर, जे करोनाच्या काळात आपल्याकडे घरोघरी पोहोचले, बहुधा त्याच उपकरणाने एकाच्या बोटावरील पेशी दुसऱ्याच्या बोटावर नेल्या.

येथे प्रयोगशाळा चुकली नव्हती, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. डीएनए त्याचाच होता. चुकला तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. आणि तो माणूस सुटला तो रुग्णालयातील कारकुनी नोंदीमुळे. ज्याची अशी नोंद कोठेच नसते, पदपथावर झोपणारा, कामासाठी गावोगाव फिरणारा, तो आपण त्या रात्री कोठे होतो हे कशावरून सिद्ध करणार?

जर्मनीतील प्रकरण याहून विचित्र. २००७ साली हाइलब्रोन येथे एका महिला पोलिसाची हत्या झाली. तेथे मिळालेला अज्ञात स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्समधील सुमारे चाळीस ठिकाणी आढळला. तिला पकडून देणाऱ्यास ३ लाख युरोंचे बक्षीस लावले गेले. संशय काही काळ सिंती-रोमा या समाजाकडेही वळला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा वर्गात शिकवणाऱ्या आम्हांस यात नवल वाटले नाही. २००९ मध्ये उलगडा झाला : तो डीएनए नमुने घेण्याच्या कापसी काड्यांच्या आवेष्टनाचे काम करणाऱ्या एका निरपराध स्त्रीचा होता. काड्या निर्जंतुक होत्या. पण निर्जंतुक करण्याने जंतू मरतात, डीएनए नाहीसा होत नाही. २०११ साली त्या हत्येचे धागे एका नव-नाझी टोळीपर्यंत पोहोचले. दोन वर्षांचे श्रम एका नसलेल्या स्त्रीच्या शोधात गेले होते.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद तीत आहे; राज्यांना अंमलबजावणीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. तरतूद स्वागतार्ह आहे, कारण डीएनएने अनेक पीडितांना न्याय मिळवून दिला आहे आणि पुढेही देईल. मात्र नमुने वाढतील तसे हातही वाढतील. दिल्लीतील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या आरोपींना मुक्त केले, तेव्हा नमुने कित्येक दिवस पोलीस ठाण्याच्या मुद्देमालात पडून होते आणि डीएनए अहवालाचा पाया खालच्या न्यायालयांनी तपासला नव्हता, यावर बोट ठेवले. त्या निकालावर तीव्र टीकाही झाली. तरी आमच्या विद्यार्थ्यांपैकी जे पुढे वकील वा पोलीस अधिकारी होतील, त्यांनी असा अहवाल हाती आल्यावर पंचनामाही शेजारी उघडून ठेवावा : हातमोजे प्रत्येक वस्तूगणिक बदलले होते काय, संशयिताचे कपडे व घटनास्थळावरील वस्तू एकाच गाडीतून, एकाच हाताने नेल्या होत्या काय, आणि त्या वस्तूला पोलिसांच्या आधी कोणाकोणाचे हात लागले होते.