माझा डेटा माझ्या घरात

गारखेड्यात आमच्या घरी राउटरशेजारी एक छोटा सर्व्हर चालतो. घरातल्यांचे फोटो, वडिलांचे सातबारे, मुलांच्या मार्कशीट, सगळं त्यावर आहे. हे करू पाहणाऱ्यांसाठी अनुभवाचे बोल.

१. कायद्याच्या भरवशावर थांबू नका. २०१९ च्या विधेयकात आपला डेटा उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तो उरला नाही. दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे, पण प्रत आपली आपणच घरी आणायची.

२. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ ला संपली, तेव्हा अनेकांना घरच्या सर्व्हरचं महत्त्व कळलं. गूगलच्या टेकआउट सोयीतून फोटो मिळतात, पण बरीचशी माहिती वेगळ्या जेसन फाइलींत येते. त्या फाइली फेकू नका, नाहीतर फोटोंच्या तारखा हरवू शकतात.

३. यंत्र साधं चालतं. ऑफिसातून निघालेला जुना छोटा पीसी पुरतो. फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड, फोटोंसाठी इम्मिच, दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर. पैसे घालायचे ते चांगल्या डिस्कवर आणि यूपीएसवर. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज जाते, आणि इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात सर्व्हर बंद पडू शकतो. मे महिन्यात तो पत्र्याच्या खोलीत तर ठेवूच नका.

४. घरगुती इंटरनेटवर एकच सार्वजनिक पत्ता अनेकदा बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून थेट घरी पोचता येत नाही. वायरगार्डवर चालणारं टेलस्केल वापरा. राउटरचे दरवाजे जगाला उघडण्यापेक्षा ते सुरक्षितही आहे.

५. सगळ्यात जास्त जीव बॅकअपमध्ये घाला. दोन डिस्क एकमेकींची नक्कल करत असल्या तरी तो बॅकअप होत नाही. एका हातून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी जाते. आमची एक प्रत पुण्यात बहिणीकडे आहे. सिंकथिंग दोन यंत्रांना थेट जोडतं, मध्ये कोणाची साठवण लागत नाही, आणि फोल्डरला पासवर्ड लावला तर बहिणीच्या डिस्कवर सगळं कुलूपबंद स्वरूपातच पोचतं. जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय मात्र चालू हवी, नाहीतर पुसणंही पुण्याला पोचेल. अधूनमधून तिकडची एखादी फाइल परत आणून उघडून पाहावी. उघडली नाही, तर ती प्रत नाहीच असं समजा.

६. पासवर्ड एकट्याच्या डोक्यात ठेवू नका. नव्या कायद्यात आपल्या पश्चात डेटाचे हक्क बजावणारी व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. घरच्या सर्व्हरला असा वारस आपणच नेमायचा असतो. आमच्या कपाटातल्या वहीत सगळं क्रमाने लिहिलंय, आणि बायकोने ती वाचून सर्व्हर एकटीने चालू केलाय.

सर्व्हर नंतर घ्या. आज रात्री निदान टेकआउटची मागणी टाका आणि आलेली प्रत स्वतःच्या डिस्कवर उतरवून ठेवा.