पायडलच्या कयाक होडीची गळती : परीक्षा व दुरुस्ती

शेतीस जोडधंद्याची जोड असावी, हें तत्त्व आमच्या वाचकांस नवीन नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण मंजूर केलें. खाडीकांठीं, धरणाच्या फुगवट्याजवळ किंवा मोठ्या तळ्यालगत ज्याची जमीन आहे, अशा बागाइतदारानें पाहुण्यांसाठीं एखाददुसरी होडी बाळगणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. अशा होड्यांपैकीं पायांनीं चालवावयाची जी कयाक, तिच्या एका विशिष्ट दोषाचा विचार आम्हीं येथें योजिला आहे. चालनयंत्र ज्या खांचेंत बसतें, त्या खांचेभोंवतीं होणारी गळती हा तो दोष होय. बैल लंगडूं लागला तर तें लांबूनहि दिसतें; ही गळती दिसत नाहीं, आणि म्हणूनच ती अधिक धोक्याची आहे.

होडीची रचना

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची, कातड्यानें मढविलेली शिकारीची होडी. हल्लींची कयाक बहुधा पॉलिएथिलीन नांवाच्या प्लॅस्टिकची असते. साच्यांत प्लॅस्टिकची पूड घालून तो साचा तापवितात व सर्व बाजूंनीं फिरवितात. पूड वितळून साच्याच्या आंतील अंगास चिकटते आणि एकसंध पोकळ वस्तु तयार होते. आपल्या घरावरील काळी पाण्याची टाकी याच रीतीनें करितात. तेव्हां कयाक म्हणजे आडवी पडलेली एक बंद टाकीच, असें समजण्यास हरकत नाहीं. टाकी पाणी आंत ठेविते, कयाक तें बाहेर ठेविते, इतकाच भेद.

पायांनीं चालणारीं यंत्रें मुख्यतः दोन जातींचीं आहेत. एकांत सायकलप्रमाणें पायडल फिरविलें असतां बुडाखालचा पंखा फिरतो. दुसऱ्यांत पाय आळीपाळीनें पुढें रेटले असतां बुडाखालचीं दोन लवचिक पातीं डावी-उजवीकडे हालतात. अमेरिकेंतील होबी कंपनीनें १९९७ सालीं पुढें आणलेलें ‘मिराज’ यंत्र या दुसऱ्या जातीचें होय. यंत्र खालीं उतरविण्यासाठीं होडीच्या मध्यभागीं वरून बुडापर्यंत आरपार खांच असते. या खांचेंत बाहेरच्या पातळीइतकें पाणी उभें राहतें. तो दोष नव्हे. खांचेच्या भिंती शाबूत आहेत तोंपर्यंत होडीच्या पोकळींत पाणी शिरत नाहीं. त्या भिंतींस भेग पडली किंवा त्यांतील स्क्रू सैल झाले, म्हणजे गळती सुरू होते.

गळती तेथेंच कां होते

बसणारा मनुष्य पाठ टेकून पाय रेटतो. तो सर्व जोर यंत्राच्या बैठकीवर व तेथून खांचेच्या भिंतीवर येतो. तासाभराच्या फेरींत असे हजारों हिसके बसतात. तार वारंवार वांकविली असतां जशी एके जागीं तुटते, तसेंच खांचेच्या कोपऱ्यांत प्लॅस्टिक थकतें व तेथें केसासारखी बारीक भेग पडते. यांत दुसऱ्या तीन कारणांची भर पडते. उथळ पाण्यांत पातीं किंवा पंखा खडकावर आपटला, तर त्याचा धक्का सरळ बैठकीस लागतो. यंत्र न काढतां होडी वाळूंत ओढली, तर बैठक पिळवटते. आणि होडी वर्षानुवर्षें उन्हांत पडून राहिली, तर सूर्यप्रकाशानें प्लॅस्टिक ठिसूळ होतें.

आमच्या किनाऱ्यावरील लांकडी होडीचा अनुभव येथें उपयोगीं पडत नाहीं. लांकूड पाण्यांत भिजून फुगतें आणि बारीक सांधे आपोआप मिटतात. प्लॅस्टिक पाणी पीत नाहीं, फुगत नाहीं व मिटतहि नाहीं. आज केसाएवढी असलेली भेग उद्यां बोटाएवढी लांब होते, पण लहान मात्र कधींच होत नाहीं.

धोका किती

समजा, ३ मिलिमीटर व्यासाचें छिद्र पाण्याच्या पातळीखालीं १५ सेंटिमीटरवर आहे. पाटाच्या मोरींतून जाणाऱ्या पाण्याचा हिशेब ज्या रीतीनें करितात, त्याच रीतीनें पाहिलें तर त्यांतून आरंभीं तासाला सुमारें २५ लिटर पाणी आंत येतें. दोन तासांच्या फेरींत चाळीस-पन्नास लिटर, म्हणजे तितकेच किलो वजन होडींत वाढतें. वजनापेक्षांहि वाईट गोष्ट ही कीं, तें पाणी एका जागीं राहत नाहीं. होडी डावीकडे कलली कीं सर्व पाणी डावीकडे धांवतें व तिला आणखी कलवितें. बसणाऱ्यास पायाखालीं पाणी दिसत नसल्यामुळें होडी जड कां झाली हें त्यास कळत नाहीं. आणि कळतें तेव्हां तो बहुधा तळ्याच्या मध्यावर असतो.

गळतीची परीक्षा

आंत पाणी सांपडलें म्हणजे तें खांचेंतूनच आलें, असें गृहीत धरूं नये. झाकणांचें रबर, मागचें बूच आणि सुकाणूच्या दोऱ्यांच्या नळ्या यांतूनहि पाणी शिरतें. म्हणून परीक्षा पुढील क्रमानें करावी.

पहिली परीक्षा. होडी आंतून स्पंजानें कोरडी करावी, बूच व झाकणें नीट लावावींत, आणि माणसाच्या वजनाइतकीं वाळूचीं पोतीं आसनावर ठेवून ती कांठाजवळच्या स्थिर पाण्यांत तासभर उभी करावी. आंत पाणी आलें, तर गळती पाण्याच्या पातळीखालीं आहे. न आलें, तर झाकणें व वरच्या नळ्या तपासाव्या, आणि यंत्रावर जोर आल्यावरच उघडणारी भेग असूं शकेल हेंहि ध्यानांत ठेवावें.

दुसरी परीक्षा. होडी जमिनीवर दोन रुंद, मऊ आधारांवर ठेवावी. बाहेरील अंग पुसून कोरडें करावें. मग पोकळींत दहा-बारा लिटर पाणी ओतून होडी अशी कलवावी कीं, पाणी खांचेभोंवतीं जमेल. जेथें थेंब फुटेल तेथें मेणाच्या खडूनें खूण करावी. खांचेचे चारहि कोपरे व प्रत्येक स्क्रू यांवर पांच-पांच मिनिटें नजर ठेवावी. घाई करूं नये. खांचेच्या भिंतीस हातानें मागें-पुढें दाबून पाहिल्यास मिटलेली भेगहि उघडते.

तिसरी परीक्षा. वरील रीतीनें छिद्र न सांपडल्यास सर्व झाकणें बंद करून बुचाच्या भोंकांत रबरी नळी घालावी व तोंडानें हवा भरावी. खांचेभोंवतीं साबणाचा फेस लावावा; गळतीच्या जागीं बुडबुडे येतात. ट्रॅक्टरच्या चाकांत हवा भरण्याचें यंत्र या कामीं मुळींच लावूं नये. त्याच्या दाबानें होडी फुगून नव्या भेगा पडतात.

यंत्राच्या दंडाचें रबरी सील खराब झालें, तर पाणी होडींत न जातां यंत्रांतील तेलांत जातें, व तें तेल ताकासारखें पांढुरकें दिसतें. तो दोष यंत्राचा आहे; त्यासाठीं होडीस हात लावण्याचें कारण नाहीं.

स्क्रूची गळती

गळती स्क्रूभोंवतीं असेल तर काम सोपें आहे. स्क्रू काढून भोंक स्वच्छ व कोरडें करावें. स्क्रूच्या डोक्याखालीं ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी गुंडाळून, रुंद वायसर घालून तो पुन्हां बसवावा. ही पट्टी दाबली गेली म्हणजे चारी बाजूंनीं भरते. स्क्रू न गंजणाऱ्या पोलादाचा असावा. तो हातानें घट्ट होईल इतकाच आवळावा. अधिक आवळल्यास प्लॅस्टिकांतील आटे तुटतात. आटे तुटलेच असतील, तर थोडा जाड स्क्रू किंवा बंद तोंडाचें रिव्हेट घालावें. उघड्या तोंडाच्या रिव्हेटच्या पोटांतून पाणी शिरतें.

भेगेची दुरुस्ती

बाजारांत मिळणारा डिंक, लांबी किंवा सिलिकोन भेगेवर थापण्याची चाल सर्वत्र आहे. ती सोडली पाहिजे. पॉलिएथिलीनला बहुतेक कांहींच चिकटत नाहीं. आठवडाभर तो थर टिकल्यासारखा दिसतो व पुढें साल निघावी तसा निघून येतो. शिवाय त्याचा अंश भेगेंत राहिल्यानें पुढें डाग नीट बसत नाहीं. भेग सांधण्याचा खरा मार्ग एकच : त्याच जातीचें प्लॅस्टिक वितळवून तिच्यांत भरणें. जलसिंचनाचे पॉलिएथिलीनचे नळ तापवून जोडतांना ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस हें तत्त्व ठाऊक आहे.

आधीं प्लॅस्टिक वितळणारें आहे कीं नाहीं तें पाहावें. झाकणाच्या कडेखालून नखाएवढी कपची काढून तापवावी. ती मधासारखी मऊ होऊन तिची तार निघाली, तर डाग बसेल. ती रबरासारखीच राहून करपली, तर ती दुसऱ्या जातीची आहे व तिला डाग बसत नाहीं.

मग भेगेच्या दोन्ही टोंकांस ३ मिलिमीटरचें भोंक गिरमिटानें पाडावें. भेग पुढें धांवूं नये यासाठीं हें अवश्य आहे, व भेग डोळ्यांस दिसते त्याच्या किंचित् पुढें टोंक धरावें. नंतर भेग वर रुंद व खालीं निमुळती अशी, प्लॅस्टिकच्या निम्म्याहून थोडी अधिक खोल कोरावी. दोन्ही बाजूंस बोटभर अंतरापर्यंत वरची उन्हानें मेलेली कातडी खरवडून ताजें प्लॅस्टिक उघडें करावें, स्पिरिटानें पुसावें व पूर्ण वाळूं द्यावें. पोकळींत ओल राहिली तर तापवितांना वाफ होऊन डागांत बुडबुडे राहतात.

भरावयाची कांडी होडीच्या कारखान्याकडून मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास होडीच्याच जातीचें प्लॅस्टिक घ्यावें. टणक नळाचें प्लॅस्टिक मऊ होडीशीं नीट मिळत नाहीं. गरम हवेच्या बंदुकीनें कांडी व चर हीं दोन्हीं एकदम तापवावींत. दोहोंच्या पृष्ठावर ओली चमक आली कीं कांडी चरांत दाबीत पुढें सरकावें. नुसती कांडी वितळून थंड चरावर पडली, तर तो डाग नव्हे, नुसता थेंब होय. रंग तपकिरी होऊं लागला तर उष्णता अधिक झाली असें समजून हात आवरावा. थर सावकाश निवूं द्यावा, त्यावर पाणी ओतूं नये. झाकणांतून हात पोंचत असेल तर आंतूनहि असाच थर द्यावा. शेवटीं, यंत्र घासेल तेवढाच भाग कानशीनें सारखा करावा. इतरत्र उंचवटा राहूं द्यावा, कारण तीच डागाची ताकद आहे. काम मोकळ्या हवेंत करावें, आणि प्रथम एखाद्या फुटक्या टाकीच्या तुकड्यावर हात बसवून घ्यावा.

होडी हमीच्या मुदतींत असेल तर मात्र यांतील कांहींच करूं नये. भेगेचें छायाचित्र घेऊन विक्रेत्याकडे जावें. आधीं डाग दिला कीं हमी बहुधा जाते.

दुरुस्तीनंतर

दुसऱ्या दिवशीं पहिली परीक्षा पुन्हां करावी. नंतर मालकानें अंगांत तरणजाकीट घालून, कांठ न सोडतां अर्धा तास जोरानें पायडल मारावें व आंतील पाणी मोजावें. पोकळी कोरडी निघाली तरच होडी कामास लावावी. पुढेंहि प्रत्येक फेरीनंतर बूच काढून निघालेलें पाणी मापानें मोजून वहींत टिपावें. दुधाचा हिशेब आपण रोज ठेवितोंच. हा हिशेब त्याहून लहान आहे, पण आंकडा वाढूं लागला कीं तो आठवडाभर आधीं सूचना देतो. होडी सांवलींत ठेवावी, उचलतांना खांचेंत हात घालून उचलूं नये, आणि कांठ आला कीं यंत्र आधीं वर घ्यावें.

कांहीं होड्या मात्र दुरुस्तीच्या पलीकडे गेलेल्या असतात. डाग दिलेल्या जागेशेजारींच पुन्हां भेग पडली, भेग यंत्राच्या बैठकीखालीं शिरली, किंवा प्लॅस्टिक वांकवितांच पांढरें पडून तडकूं लागलें, तर ती होडी पाण्यांत घालूं नये. तिची किंमत गेली म्हणून हळहळ वाटणें साहजिक आहे. परंतु पाहुणा आपल्या भरंवशावर पाण्यांत उतरतो, व त्यास आंतील भेग दिसत नसते. ज्या होडींत आपण आपल्या मुलास निःशंकपणें बसवूं, तीच पाहुण्याच्या हातीं द्यावी.