अहंविलय आणि लिंगभाव : सायकेडेलिक उपसंस्कृतीतील समानतेचा प्रश्न

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेत एल.एस.डी.सारख्या द्रव्यांभोवती जी सायकेडेलिक उपसंस्कृती उभी राहिली, तिच्या केंद्रस्थानी अहंविलयाची कल्पना होती. ‘मी’ विरघळला की माणसामाणसांतील भेदही गळून पडतात, अशी तिची श्रद्धा होती. मग स्त्री-पुरुषभेदाचे काय झाले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार दोन निकषांवर करावयाचा आहे : श्रमाची वाटणी आणि अनुभव कथन करण्याचा अधिकार.

श्रमविभागणी

सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट-ॲशबरी वस्तीत ‘डिगर्स’ या गटाने १९६६ च्या हिवाळ्यापूर्वीच विनामूल्य अन्नवाटप सुरू केले. पैशाचे प्रभुत्व नाकारणारी ही कृती मूलगामी होती, यात शंका नाही. परंतु बाजारात उरलेली भाजी मिळवणे आणि ती रांधणे हे काम मुख्यतः स्त्रियांकडे राहिले. गटाचा चेहरा म्हणून ओळखले गेले ते एमेट ग्रोगन, पीटर कोयोट यांच्यासारखे पुरुष. येथे मालमत्तेची कल्पना बदलली. चुलीची मात्र बदलली नाही.

कथनाचा अधिकार

या उपसंस्कृतीचा सर्वांत प्रसिद्ध प्रवक्ता टिमथी लिअरी याने १९६६ मधील ‘प्लेबॉय’च्या मुलाखतीत एल.एस.डी.मुळे स्त्रीला लाभणाऱ्या कामसुखाविषयी अतिरंजित दावे केले. अनुभव स्त्रीचा, निवेदक मात्र पुरुष, हा विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच वर्षी लिअरीची सहचारिणी रोझमेरी वुड्रफ हिने त्याच्याविरुद्ध साक्ष देण्यास नकार देऊन कारावास पत्करला. १९७० मध्ये तो तुरुंगातून निसटला, त्यातही तिचा वाटा होता. पुढे तिला दीर्घ काळ अज्ञातवासात काढावा लागला. लिअरीचे आत्मचरित्र १९८३ मध्ये, त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाले. रोझमेरीच्या आठवणी ‘सायकेडेलिक रेफ्युजी’ या नावाने २०२१ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी वाचकांसमोर आल्या.

लेनोर कँडेल या कवयित्रीचे उदाहरण याहून वेगळे आहे. १४ जानेवारी १९६७ रोजी गोल्डन गेट उद्यानात भरलेल्या ‘ह्यूमन बी-इन’ मेळाव्यात, गिन्सबर्ग, स्नायडर, लिअरी यांच्या व्यासपीठावरून बोलणारी ती एकमेव स्त्री होती. तिने ‘द लव्ह बुक’मध्ये स्त्रीच्या कामानुभवाला स्त्रीचाच प्रथमपुरुषी उच्चार दिला. १९६६ च्या नोव्हेंबरात पोलिसांनी त्या पुस्तिकेच्या प्रती जप्त केल्या आणि १९६७ मध्ये ज्यूरीने ती अश्लील ठरवली. स्त्रीच्या सुखाविषयी पुरुष बोलला तेव्हा ती मुलाखत ठरली. स्त्री स्वतः बोलली तेव्हा तो गुन्हा ठरला. हा दंड उपसंस्कृतीने नव्हे, राज्यसंस्थेने दिला, हे खरे. परंतु त्या व्यासपीठावर ती एकटीच का होती, याचे उत्तर उपसंस्कृतीलाच द्यावे लागते.

निष्कर्ष

अहंविलयाच्या तत्त्वज्ञानाने एक गोष्ट गृहीत धरली होती : विरघळवण्यासाठी ‘मी’ प्रत्येकापाशी आधीच सिद्ध आहे. ज्यांना तो ‘मी’ समाजाने पुरता दिलाच नव्हता, त्या स्त्रियांना प्रथम तो घडवावा लागला, आणि तो त्यांनी लेखनातून घडवला. म्हणून चळवळीच्या समतेची परीक्षा तिच्या जाहीरनाम्यांपेक्षा तिच्यातील स्त्रियांच्या आत्मकथनांत अधिक काटेकोरपणे होते. मलिका अमर शेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) या आत्मकथनाचा अभ्यास करणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. चळवळ निराळी, द्रोह निराळा; परंतु बंडखोर पुरुषाच्या घरात समता कितपत पोहोचली, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.