आधी बाजाराचा वार विचारा

गेवराई आगारात मी तेहेतीस वर्षं कंडक्टर होतो. गाव चकलांबा. फेरी संपली की परतीच्या वेळेपर्यंत दोन-अडीच तास मोकळे मिळायचे. ड्रायव्हर गाडीतच पाठ टेकायचे आणि मी पिशवी घेऊन त्या गावचा बाजार गाठायचो. मुक्कामी गाडी असली तर दुसऱ्या दिवशीची पहाटही बाजारातच जायची. निवृत्तीनंतर लेकीकडं अमेरिकेला जाऊन आलो, तिथंही हीच सवय राहिली. आता पुतणे, भाचे सुट्टीत कुठंकुठं निघतात आणि जाताना विचारतात, "काका, तिथं घ्यायला चांगलं काय मिळतं?" त्यांना तोंडी सांगतो तेच इथं लिहितो आहे.

१. वार विचारल्याशिवाय निघू नका.

आठवडी बाजाराच्या गावी भलत्या वारी गेलात तर मोकळं पटांगण आणि पालांचे खुंट एवढंच दिसतं. आम्हा कंडक्टरांना बाजारांचे वार पाठ असतात, कारण ते गाडीच सांगते. सकाळी डालग्यातल्या कोंबड्या आणि टपावर मेथी-कोथिंबिरीची गाठोडी चढली की पुढच्या गावाला आज बाजार आहे असं समजायचं. संध्याकाळी त्याच गाडीत शेव-जिलेबीचे पुडे आणि नव्या चपलांचा वास असतो.

आमच्याच तालुक्यात हिरापूरला जनावरांचा बाजार भरतो. बैल घ्यायचा नसला तरी तो एकदा बघावा. दोघं समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणं टाकतात आणि आत बोटं धरून भाव करतात. तोंडानं एक आकडा निघत नाही. बाजूला उभ्या माणसाला फक्त उपरणं हललेलं दिसतं. पटलं तर मान हलते, नाही पटलं तर हात सुटतो. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला असं बैलाचं वय दातांवरून सांगतात. जबडा उघडून दात बघणारा म्हातारा आणि बैलाचा मालक यांच्यामधला तो क्षण मला कुठल्याही नाटकापेक्षा मोठा वाटत आला आहे. सर्जा विकून दावं हातात घेऊन गाडीत बसलेला शेतकरी मी बघितला आहे. त्याला तिकीट देताना बोलायला शब्द सुचत नाही.

जत्रेचा बाजार वारावर नाही, तिथीवर चालतो. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीला गाढवांचा बाजार भरतो, आणि तिथली रेवडी घेतल्याशिवाय कुणी घरी येत नाही. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्षात घोडे येतात. गोव्यात म्हापशाचा बाजार शुक्रवारचा. आम्ही पहिल्यांदा मंगळवारी जाऊन परत आलो. पुढच्या खेपेला शुक्रवार धरून गेलो तेव्हा आजूबाजूच्या गावांतून आलेल्या बाया, त्यांच्या पुढ्यातली सुकी मासळी, मातीची भांडी, चोरीस म्हणतात ती गोव्याची सॉसेजची माळ, गावठी मिरची हे सगळं एका ठिकाणी बघायला मिळालं.

२. माग बघा, मग पैठणी घ्या.

चकलांब्याहून पैठण जवळ. थोरलीच्या लग्नात एका दुकानातून पैठणी घेतली, पैसे हातमागाचे मोजले. दोन वर्षांनी पैठणच्या पैठणी केंद्रात माग बघायला गेलो, सोबत पत्नी तीच साडी नेसून आली होती. मागावर बसलेल्या बाईंनी पदराची कड हळूच उलटली आणि म्हणाल्या, "काका, ही यंत्रावरची आहे." पत्नी तिथं काही बोलली नाही. घरी आल्यावर तिनं ती साडी घडी करून खाली ठेवली ती ठेवलीच.

त्या बाईंनी मला जे दाखवलं ते प्रत्येकाला कळावं असं वाटतं. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघायचा. मोर, मुनिया, असावली, जी नक्षी असेल ती मागूनही तितकीच स्वच्छ दिसली पाहिजे. विणकर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी हातानं फिरवतो, एका रंगाचा धागा दुसऱ्यात अडकवतो, म्हणून मागं लोंबणारे धागे राहत नाहीत. यंत्रावरच्या साडीला मागच्या बाजूला धागे सुटलेले किंवा कातरलेले दिसतात. भरगच्च पदर असला तर दिवसभराच्या बैठकीनंतर काम बोट-दोन बोटं पुढं सरकतं, आणि एका साडीला महिने लागतात. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. पैठणला किंवा येवल्याला गेलात तर दुकानाच्या आधी मागाजवळ जा. तासभर बसा. मग किंमत ऐकून धक्का बसत नाही, उलट ती कमीच वाटते.

यंत्रावरची साडी वाईट असं माझं म्हणणं नाही. ती स्वस्त असते, छान दिसते, जिला परवडते तिनं हौसेनं नेसावी. तिला हातमागाची म्हणून विकणं वाईट.

३. कोल्हापूरची चप्पल पायात घालून, चालून घ्या.

अंबाबाईच्या देवळाजवळ चप्पल लाइन आहे. खरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची असते, आणि शिवणही चामड्याच्याच वादीची. घातल्याबरोबर ती थोडी लागते. खोबरेल तेल लावून आठ-दहा दिवस घरात वापरली की पायाचा आकार घेते. पाण्यात भिजू देऊ नका, पावसाळ्यात ती कोनाड्यातच बरी. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून तिचं मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं मिलानच्या प्रदर्शनात अगदी तशीच चप्पल ठेवली, कोल्हापूरचं नाव न घेता. इथून ओरड झाल्यावर कंपनीनं मूळ कुठलं ते मान्य केलं. त्या बातमीनंतर मी कपाटातली माझी जुनी जोडी काढून पुसली. आमच्या भागातली ऊसतोडीची कुटुंबं दरवर्षी कोल्हापूर-सांगलीकडं जातात, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परतताना कुणाकुणाच्या पायात ही चप्पल असते. सहा महिने फडात राबून घेतलेली ती चप्पल वर्षानुवर्षं जपलेली मी पाहिली आहे.

४. मोठ्या शहरात पहाटे जा आणि वर बघा.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात सगळे फळांकडं बघतात. बाहेरून प्रवेशाच्या कमानीवर दगडात कोरलेले शेतकरी आणि बाजारकरी बघा. ते लॉकवूड किपलिंग यांच्या हाताखाली झालेलं काम. इमारत १८६९ ची. पुण्याची मंडई १८८६ ची, आठ कोनांची. दोन्ही आज महात्मा फुल्यांच्या नावानं आहेत. जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते तेव्हा मंडईच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्याला त्यांनी विरोध केला होता, तो शिक्षणाकडं वळवा असं त्यांचं म्हणणं होतं. मंडईत शिरताना मला हे दरवेळी आठवतं.

परळच्या थांब्यावरून लालबागची मिरची गल्ली चालत गाठता येते. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी, हे प्रमाण आपण सांगायचं आणि समोर कुटून घ्यायचं. तयार पुडी घेऊ नका. पुण्यात तुळशीबाग बायकांनी बघावी असं म्हणतात. मी म्हणेन पुरुषांनीही बघावी, देवघरातली पितळी उपकरणी, भातुकली, सगळं. सोलापूरची चादर सोलापुरातच घ्या. मिरजेला सतारमेकर गल्लीत भोपळ्यापासून तंबोरा होताना उभं राहून बघू देतात, विकत काही घेतलं नाही तरी.

५. सिएटलचा कांदा.

लेक-जावई सिएटलजवळ राहतात. पाइक प्लेस मार्केट बघायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं मासे बघायचे, कारण तिथले कोळी मोठाले सामन मासे एकमेकांकडं फेकतात आणि पर्यटक ते बघायला जमतात. जावयांनी या बाजाराची कथा सांगितली आणि मी तिथल्या बाकावर बसलो. १९०६-०७ मध्ये सिएटलला कांद्याचा भाव दहापट झाला. गिऱ्हाईक भरडलं जात होतं आणि शेतकऱ्याला काही मिळत नव्हतं, मधले दलाल खात होते. थॉमस रेव्हेल नावाच्या नगरसेवकानं ठराव आणला की शेतकऱ्यानं रस्त्यावर गाडी लावून थेट विकावं. १७ ऑगस्ट १९०७ ला मोजक्या शेतकऱ्यांच्या गाड्या आल्या, गिऱ्हाईक हजारोंनी आलं आणि दुपारच्या आत माल संपला.

कांदा! लासलगावला भाव पडला म्हणून रस्त्यावर ओतलेला कांदा मी गाडीच्या खिडकीतून बघितला आहे, आणि त्याच महिन्यात शहरातल्या गिऱ्हाइकाला तो फारसा स्वस्त मिळालेला नसतो. 'पिकवणाऱ्याला भेटा' अशा अर्थाचं त्या बाजाराचं ब्रीद आहे आणि शेतकऱ्यांना बसायला तिथं रोजच्या भाड्यानं ओटे मिळतात. त्या ओट्यांवर एकेकाळी जपानी वंशाचे शेतकरी मोठ्या संख्येनं होते. १९४२ मध्ये युद्धाच्या काळात त्यांना सरकारनं छावण्यांत नेलं आणि ओटे रिकामे झाले. पुढं हा बाजार पाडून मोठ्या इमारती बांधायचं ठरत होतं, तेव्हा १९७१ साली गावानं मतदान करून तो वाचवला. बाजारासाठी मतदान झालेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

६. वाटसरूला पाणी देणारं दुकान.

त्याच खेपेला जावयांनी गाडीनं लांब नेलं, साउथ डकोटा राज्यात. मैलोन्मैल माळ, आणि रस्त्याच्या कडेला पाट्याच पाट्या: वॉल ड्रग, बर्फाचं पाणी फुकट. वॉल हे गाव आजही हजाराच्या आतलं, चकलांब्याहून कितीतरी लहान. टेड आणि डोरोथी हस्टेड या जोडप्यानं १९३१ मध्ये तिथं औषधाचं दुकान घेतलं. मंदीचे दिवस, दुष्काळ, गावात सव्वातीनशेच्या आसपास वस्ती. पाच वर्षं दुकान चालेना. १९३६ च्या उन्हाळ्यात एका दुपारी डोरोथीबाई पोराला घेऊन पडल्या होत्या, हमरस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजानं झोप येईना. त्यांच्या मनात आलं, ही माणसं तापलेल्या माळातून आली आहेत, त्यांना तहान लागलेली असणार. आपल्याकडं बर्फ आहे, पाणी आहे. टेडनं रस्त्यावर पाट्या लावल्या. तो परत येईपर्यंत दुकानात माणसं पाणी पीत होती.

आज ते दुकान सगळा चौक व्यापून आहे. पाणी अजून फुकट, कॉफी अजून पाच सेंटला, आणि कॉफीचे पैसे आपणच डब्यात टाकायचे. मी दोन पेले पाणी प्यालो. आम्ही बीडची माणसं, एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणारी. आमच्याकडच्या वेशीवर कुणीतरी रांजण भरून ठेवतं, त्यावर ओलं फडकं असतं, ते पाणी आणि हे पाणी मला वेगळं वाटलं नाही. बाजारात दुकान कुठलं निवडावं याची माझी खूण तेव्हापासून ही आहे: जिथं गिऱ्हाइकाला न मागता आधी तांब्या मिळतो तिथं बसा.

७. घासाघीस कुठं करायची.

कपड्याच्या, भांड्याच्या मोठ्या दुकानात करा. खाली पोतं अंथरून बसलेल्या बाईशी करू नका. संध्याकाळच्या बाजारगाडीत मी दोन प्रकारच्या बाया बघितल्या: रिकामी डाली घेऊन चढणाऱ्या आणि भरलेली डाली घेऊन चढणाऱ्या. रिकामीवाली बसल्या बसल्या पोरासाठी घेतलेला खाऊ पुन्हा पुन्हा बघायची. भरलेलीवाली कुणाशी बोलायची नाही. सुकलेल्या मेथीच्या डालीचं लगेजचं तिकीट फाडताना हात जड व्हायचा, पण नियम होता. गिऱ्हाइकाचे वाचलेले दोन-चार रुपये त्या डालीतच परत येताना मी तेहेतीस वर्षं बघितले.

८. आणि आमच्याकडं कधी यायचं.

पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ पिकतं, धारूर-अंबाजोगाईच्या बाजूला विशेष. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये मानांकन मिळालं. खडकाळ, कोरड्या जमिनीतलं हे फळ, फार पाणी मागत नाही. झाडावर डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पांढुरक्या-पिवळ्या झाल्या, की उतरवतात, आणि दोन-तीन दिवसांत ते पिकतं. म्हणून लांब नेणार असाल तर कडक घ्या, गाडीत खायचं असेल तर मऊ. घाटाच्या कडेला बाया डाली घेऊन बसलेल्या दिसतील. गाडी थांबवा, खाली उतरा, त्यांना गाव विचारा, आणि सांगतील त्या भावानं डाली घ्या.