शिळं पेट्रोल, रिकामी टाकी

दिव्यासारख्या उपनगरात गाडी घेतली तरी कामाला जायला लोकलच. त्यामुळे सोमवार ते शनिवार गाडी बिल्डिंगखाली उभी. ती सीएनजीची असली तर पेट्रोल लागतं फक्त सुरू करण्यापुरतं. थोड्याच वेळात गाडी गॅसवर जाते आणि पेट्रोलचा काटा महिनोन्‌महिने एकाच रेघेवर अडकून राहतो. २०२० च्या टाळेबंदीत ही गत गावोगावच्या गाड्यांची झाली होती. मग कधीतरी गाडी मिसिंग मारू लागते, कोणीतरी ‘टाकीत कचरा आलाय’ म्हणतो आणि रविवारी खालीच टाकी साफ करायचा बेत ठरतो. त्या बेतावर माझा आक्षेप आहे. हे पेट्रोल इंजिनाच्या कामाचं उरलेलं नसतं, पण आगीच्या कामाचं पुरेपूर असतं. आणि ते उपसून टाकलं की धोका टळला असं लोकांना वाटतं, तिथेच खरा धोका सुरू होतो.

हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तेव्हाच ती पेटते. बंद टाकीत पेट्रोल असताना आतली वाफ याहून कितीतरी दाट असते, म्हणून आत ठिणगी पडली तरी सहसा पेट घेत नाही. टाकी निथळून झाकण उघडं ठेवलं की हवा आत शिरते, वाफ विरळ होत जाते आणि नेमकी त्या पेटणाऱ्या पट्ट्यात येते. तळाला उरलेलं पेलाभर पेट्रोल तेवढी वाफ पुरवायला पुरेसं असतं. गळकी टाकी वेल्डिंगला नेताना ‘रिकामीच आहे’ म्हणणारे हेच विसरतात. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून न जाता फरशीवरून सरकते आणि खोलगट जागा शोधते. आपल्या बिल्डिंगखाली खोलगट जागा म्हणजे गटाराची जाळी किंवा पाणी वर चढवणाऱ्या मोटरचा खड्डा. पाणी आलं की मोटर सुरू होणार, स्टार्टर ठिणगी टाकणार. त्यासाठी कोणाला काडी ओढावी लागत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, मेकॅनिक लोक रोज हेच करतात. करतात, पण बरे मेकॅनिक ते उघड्यावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून, इंजिन थंड असताना करतात. बाकीचे नळी तोंडात धरून ओढतात, त्यांचं अनुकरण नको. घोटभर पेट्रोल ठसक्याबरोबर फुप्फुसात गेलं तर सूज येऊन जिवावर बेतू शकतं. अशा माणसाला उलटी करायला लावू नये, थेट रुग्णालयात न्यावं. दुसरं उत्तर कायद्याचं: १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येतं. खरं आहे, पण ती मुभा योग्य भांड्यात बंद ठेवण्याची आहे. जिन्याखाली बादलीत ओतून ठेवण्याची नव्हे.

तिसरं उत्तर सगळ्यात आवडतं, कारण ते विकत मिळतं: टाकीत ओतायची क्लीनरची बाटली. चांगल्या क्लीनरने इंजेक्टरवरचा थर निघतो, हे मी नाकारत नाही. पण बाटली कचरा बाहेर काढत नाही, सोडवून पुढे ढकलते. पेट्रोल पडून राहिलं की त्यातले हलके घटक उडून जातात, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ धरते आणि त्याला वार्निशसारखा वास येऊ लागतो. त्यात २०२३ पासून आलेल्या ई-२० पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. खाडीकाठच्या पावसाळी हवेत किंवा पुराचं पाणी टाकीत शिरल्यावर हे पाणी मर्यादेबाहेर गेलं, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं. पंपाची जाळीही तळाशीच, म्हणजे इंजिनाला पहिला घोट त्याचाच. पारखायचं असेल तर काचेच्या छोट्या बरणीत थोडं पेट्रोल घेऊन, झाकण लावून स्थिर ठेवावं. तळाशी वेगळी रेघ दिसली तर बाटलीचे पैसे वाचवा आणि टाकी उतरवून घ्या. रेघ नाही, वासही नेहमीचा आणि पेट्रोल दोन-तीन महिन्यांचंच असेल, तर नवं भरून गाडी चालवून संपवलं तरी चालतं; तिथे टाकी उघडणं हा उगाचचा उद्योग.

उतरवायचीच तर क्रम महत्त्वाचा: आधी टाकी, मग पंपाची जाळी आणि फिल्टर, पाइप, इंजेक्टर शेवटी. उलट केलं तर धुतलेल्या इंजेक्टरमध्ये टाकीतला गंज पुन्हा जातो. इंजेक्शनच्या गाडीचा पाइप थेट सोडवू नये. आत टायरमधल्या हवेपेक्षा जास्त दाब असतो आणि फवारा थेट तोंडावर येतो. आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, मग बॅटरी सोडवायची. हे वाचूनच हात थबकत असेल तर ते काम गॅरेजचं. काढलेलं पेट्रोल गटारात ओतलं तर वाफ शेजारच्या जाळीतून वर येते आणि उरलेलं खाडीत जातं; ते घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, ‘खराब पेट्रोल’ असं लिहून, गॅरेजवाल्याला विचारून त्याच्याकडेच द्यावं. जवळ कोरड्या पावडरचं अग्निशामक ठेवा, पाण्याची बादली नको. पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

सीएनजीवाल्यांनी एवढं करावं: टाकीत थोडंच पेट्रोल ठेवावं, पण काटा अगदी तळाला जाऊ देऊ नये, आणि आठवड्यातून एकदा दिव्याहून जवळच्या शीळ फाट्यापर्यंत तरी गाडी पेट्रोलवर न्यावी.