राणीच्या बागेतली पिले

तलासरीच्या एखाद्या पाड्यावरचे एक घर डोळ्यांसमोर आणा. घरात आजी आहे, मुलगा आहे, सून आहे आणि दोन नातवंडे आहेत. नातू दहा वर्षांचा, नात सहा वर्षांची. भात झोडून झाले आहे. चार पैसे हाताशी आहेत. नातीने हट्ट धरला आहे, "आपण मुंबईला जाऊ. राणीच्या बागेत वाघाचं पिल्लू बघू."

जायचे तर बुधवार सोडून जावे. बुधवारी राणीची बाग बंद असते. एवढ्या लांब जायचे आणि बंद फाटक पाहून परतायचे, म्हणजे दिवसही गेला आणि भाडेही गेले.

तलासरी गावाला रेल्वे स्टेशन नाही. म्हणून आधी एसटीने डहाणू रोड स्टेशन गाठावे. पूर्वी मुंबईची लोकल विरारलाच संपत असे. २०१३ सालापासून ती डहाणूपर्यंत येते. डहाणूहून चर्चगेट सुमारे १२४ किलोमीटर आहे. वाणगाव, बोईसर, पालघर, सफाळे, वैतरणा अशी स्टेशने मागे पडतात. गाडी विरारलाच थांबणारी असेल, तर तिथे दुसरी धरावी. दादरला उतरावे. पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या फलाटावर जावे. इथे गर्दी फार. मुलांचे हात घट्ट धरावेत. मुलाच्या खिशात एक चिठ्ठी घालावी. चिठ्ठीत गावाचे नाव आणि बापाचा फोन नंबर लिहावा. लिहिता येते त्याचा असा उपयोग होतो. दादरहून भायखळा जवळ आहे. भायखळ्याला पूर्वेच्या बाजूने बाहेर पडले, की बाग चालत जाण्याइतकी जवळ.

आमची ही आजी रात्रीच्या वर्गाला जाते. फाटकावरची पाटी तिने अक्षर अक्षर लावून वाचली, "वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान."

नातू म्हणाला, "आजी, आपण चुकलो. ही राणीची बाग नाय."

चुकले कोणीच नव्हते. ही बाग १८६२ साली खुली झाली. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. बागेला त्यांच्या व्हिक्टोरिया राणीचे नाव दिले होते. पुढे ते बदलून जिजाऊंचे नाव दिले. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव राहिले. बागेशेजारी जुने संग्रहालय आहे. तिथे एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरीच्या बेटावरून आणलेला आहे. नातवंडांना तो फार आवडला. पण आपण पिले पाहायला आलो आहोत, तेव्हा पुढे जाऊ.

प्रथम लागली ती पेंग्विनची खोली. पेंग्विन हा पक्षी आहे, पण त्याला उडता येत नाही. तो पोहतो. मासे खातो. मुंबईचे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत. यांचा मूळ मुलूख दक्षिण अमेरिकेत, पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर. २०१६ साली आठ पेंग्विन कोरिया देशातल्या सेऊल शहरातून विमानाने आणले. २०१७ साली ते लोकांना पाहायला खुले झाले. मुंबईचा उकाडा त्यांना सोसत नाही. म्हणून यंत्राने खोली थंड ठेवावी लागते.

पेंग्विनचे घर कसे चालते, ते ऐकण्यासारखे आहे. मादी बहुधा दोन अंडी घालते. ती सुमारे चाळीस दिवस उबवावी लागतात. नर आणि मादी पाळीपाळीने अंड्यांवर बसतात. पिलू बाहेर आले, की दोघेही त्याला भरवतात. आधी आपण मासा गिळायचा, मग तो पोटातून वर आणून पिलाच्या चोचीत घालायचा.

हे ऐकून सून नवऱ्याकडे पाहून हसली. "बघा, इथं बाप पण पोराला भरवतो."

मुंबईत पेंग्विनचे पहिले पिलू १५ ऑगस्ट २०१८ रोजी जन्मले. भारतात जन्मलेले ते पहिलेच. सगळ्यांना फार आनंद झाला. पण आठवडाभरातच ते दगावले. त्याच्यात जन्मापासूनच दोष होता. डॉक्टर होते, थंड खोली होती, आईबाप होते, तरी ते वाचले नाही. २०२१ साली पुन्हा पिले झाली, ती जगली. लहान जीव जगवणे किती नाजूक काम आहे, हे आपल्या आयाबायांना सांगायला नको.

मग सगळे वाघाकडे गेले. २०२० साली औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून वाघांची एक जोडी इथे आणली होती. नराचे नाव शक्ती, मादीचे नाव करिश्मा. १४ नोव्हेंबर २०२१ रोजी करिश्माला एक मादी पिलू झाले. तिचे नाव वीरा ठेवले. ते नाव लोकांना कळले जानेवारी २०२२ मध्ये. तोवर पिलू दोन महिन्यांचे झाले होते.

नातीने काचेला नाक लावले. "पिल्लू कुठं आहे?"

तिथे प्राण्यांची निगा राखणारा कामगार उभा होता. आजीने त्यालाच विचारले, "दादा, बारकं पिल्लू दाखवता का? लांबून आलोय, तलासरीहून."

तो म्हणाला, "आजी, तान्हं पिल्लू आम्ही कुणालाच दाखवत नाही. तुमच्या घरी बाळंतीण असली, तर पहिल्या दिवशी अख्खा गाव आत घेता का?"

"छे! सुईण आणि घरची बाई, बस."

"वाघिणीचंही तसंच."

त्याचे म्हणणे खरे आहे. वाघिणीला साडेतीन महिन्यांच्या आसपास दिवस जातात. पिलू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. ते आठ-पंधरा दिवसांनी उघडतात. तोवर ऊब, दूध आणि वास, एवढेच त्याचे जग. अशा वेळी माणसांची वर्दळ झाली, आरडाओरडा झाला, की आई घाबरते. घाबरलेली आई कधी पिलाला दूध पाजत नाही. कधी तर स्वतःच त्याला मारते. म्हणून तिला आडोशाला, शांत, अंधाऱ्या जागी ठेवतात. पिले पाहायला म्हणून आपण जातो, आणि सर्वांत लहान पिले तेवढी दिसत नाहीत! नातीला हे पटले नाही. तिने थोडे रडून घेतले. तुम्ही जाल तेव्हा कोणते पिलू दिसेल, हे आधी सांगता येत नाही.

पण चितळाचे पाडस दिसले. ते आईच्या मागे मागे उड्या मारत होते. रानात चितळाची मादी नुसत्या जन्मलेल्या पाडसाला गवतात लपवते आणि आपण दूर चरायला जाते. आपण वेडे म्हणून म्हणतो, आईने पोर टाकले. तिने ते टाकलेले नसते. लहान पाडसाच्या अंगाला वास फार कमी असतो. ते हलले नाही, तर वाघाला, कुत्र्याला ते सापडत नाही. आई जवळ उभी राहिली, तर तिच्या वासाने शत्रू येईल. म्हणून ती दूर राहते आणि दूध पाजण्यापुरती येते.

कोणी एक माणूस जाळीतून चितळाला पाव देत होता. बाजूलाच पाटी होती. आजीने ती मोठ्याने वाचली, "प्राण्यांना खाऊ घालू नये." त्या माणसाने पाव खिशात घातला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्याला खाऊ घालणे, डिवचणे, ओरडून त्रास देणे हा गुन्हा आहे.

परतीच्या गाडीत विरारपर्यंत बसायला जागा मिळाली नाही. पुढे मिळाली. तेव्हा आजीने मनातली गोष्ट काढली. "वाघिणीची खोली लोकांनी बांधली. पण आपल्या गवतात बिबटीण येते, तिची खोली कोण बांधतो?"

हा प्रश्न आपल्या कामाचा आहे. डहाणू-तलासरीच्या रानात बिबट्या आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. वारली लोक वाघदेवाला मानतात. लाकडावर, दगडावर वाघ कोरतात. वाघबारशीला त्याची पूजा करतात. त्याच बिबट्याची मादी उंच गवतात, खडकाच्या कपारीत, उसात पिले घालते. बहुधा दोन-तीन असतात. पिलांना ठेवून तिला शिकारीला जावेच लागते. नेमक्या त्याच वेळी गवत कापणारा तिथे पोहोचतो. पिले मांजराएवढी, गोंडस. माणसाला दया येते. तो ती उचलतो, घरी आणतो, गाईचे दूध पाजतो. मुले जमतात, फोटो काढतात.

मग काय होते? गाईचे दूध त्या पिलाला सोसत नाही. त्याला हगवण लागते. रात्री आई परत येते. जागा मोकळी. ती वासावर वासावर शोधत वस्तीकडे येऊ शकते. अशा वेळी ती चवताळलेली असते आणि अंगणात माणसे झोपलेली असतात. पिलू जगले-वाचले, तरी आईने शिकार शिकवली नाही म्हणून त्याला रानात सोडता येत नाही. जन्मभर पिंजरा. बिबट्याचे पिलू आईबरोबर दीड ते दोन वर्षे राहते. ते शिक्षण माणसाला देता येत नाही.

आजी म्हणाली, "पण माणसाचा हात लागला, की आई पिल्लाला जवळ करत नाय म्हणतात."

असे पुष्कळ लोक म्हणतात. पण ते बिबट्याला लागू नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नर भागात ऊस फार. ऊसतोडीच्या दिवसांत तिथे नेहमी पिले सापडतात. त्याच तालुक्यात माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. तिथले डॉक्टर पिलांना हाताने तपासतात. मग संध्याकाळी, जिथे सापडली त्याच जागी, उघड्या खोक्यात ठेवतात. जवळ कॅमेरा लावतात आणि सगळी माणसे लांब जातात. रात्री मादी येते. एकेका पिलाला मानेला धरून घेऊन जाते. असे अनेक वेळा झालेले आहे. कॅमेऱ्यात दिसलेले आहे. एखादे वेळी पहिल्या रात्री ती येत नाही. मग दुसऱ्या रात्री पिले पुन्हा ठेवतात.

तेव्हा गवत कापताना पिले दिसली, तर कापणी तिथेच थांबवावी. हात लावू नये. आलो त्याच वाटेने, न पळता, मागे यावे. मादी जवळपास असेल, असे समजून चालावे. मुलांना आणि कुत्र्यांना तिकडे जाऊ देऊ नये. मग वनरक्षकाला कळवावे, किंवा १९२६ या नंबरावर फोन करावा. तो वनखात्याचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत. त्या तुकड्याची कापणी दोन दिवस राहील. गवताचे दोन दिवसांत काही बिघडत नाही. ज्याची मजुरी रोजची आहे, त्याचे नुकसान होते हे खरे. अशा वेळी मालकाने मजुराला दुसऱ्या तुकड्यावर काम द्यावे.

पुष्कळदा ती पिले बिबट्याची नसतातच. रानमांजराची असतात. त्यांच्या अंगावर बिबट्यासारखे ठिपके नसतात, फिकट पट्टे असतात. पण जवळ जाऊन ठिपके की पट्टे हे पाहत बसण्याचे कारण नाही. मांजरीलाही तिची पिले हवीच असतात.

समुद्राच्या कासवाची गोष्ट निराळी. तिथे आई वाळूत शंभराच्या आसपास अंडी पुरते आणि जाते, परत येत नाही. पिले आपली आपण समुद्राकडे धावतात. पावसाळ्यात डहाणूच्या किनाऱ्यावर जखमी कासवे वाहून येतात. त्यांच्यासाठी डहाणूला वनखात्याच्या जागेत उपचाराची सोय आहे. जखमी कासव पाण्यात परत ढकलू नये, तिकडे कळवावे.

घरी पोहोचायला रात्र झाली. सुनेने भाकरी टाकल्या. आजीने चुलीतला कोळसा घेतला आणि दाराच्या आतल्या बाजूला मोठे आकडे काढले: १९२६. नातू म्हणाला, "आजी, नऊ उलटा झाला." आजीने तो पुसून पुन्हा काढला.