रक्तक्षय एक, कारणे दोन



“अंगात रक्त कमी आहे” असे डॉक्टरांनी सांगितले की आपल्याला प्रथम लोहाची गोळी आठवते. परंतु प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावाने होत नाही. या पाठात आपण फोलिक ॲसिड व बी-१२ या दोन जीवनसत्त्वांची माहिती घेऊ. दोहोंच्या अभ्यासाचा आपल्या मुंबई-पुण्याशी जवळचा संबंध आहे.

प्लेगची लस तयार करून १८९७ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेणारे यहुदी शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांचे नाव परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला आहे. याच संस्थेत १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाई आल्या. मुंबईतील गरीब गर्भवती स्त्रियांना तीव्र रक्तक्षय होई व कित्येकींचा त्यात अंत होई. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने मोठ्या व अपक्व असत. हा जंतूंचा रोग नसून निकृष्ट आहाराचा परिणाम आहे, असे विल्सबाईंना दिसून आले. यीस्टचा स्वस्त अर्क, म्हणजे बाजारातील ‘मार्माइट’, दिल्यावर या स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. हे संशोधन १९३१ साली प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच फोलिक ॲसिड. पालकाच्या पानांतून ते वेगळे काढल्यावर १९४१ साली त्याला हे नाव मिळाले. १९४५ साली ते अमेरिकेत कृत्रिम रीतीने तयार झाले. त्या कामात येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता.

बी-१२ हाती आले १९४८ साली. त्याच्या अभावीही रक्तपेशी तशाच मोठ्या होतात. असे का व्हावे? शरीरातील रासायनिक कामे एन्झाइम करतात. फोलेटला पुन्हा कामाला लावणाऱ्या एका एन्झाइमला बी-१२ची जोड लागते. ती नसली तर फोलेट असूनही अडकून पडते व रक्तपेशी पक्व होत नाहीत.

खरा धोका येथेच आहे. बी-१२ कमी असलेल्या माणसाला नुसते फोलिक ॲसिड भरपूर दिले, तर रक्त सुधारलेले दिसते. मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसराळूपणा वाढणे ही तिची लक्षणे. फार उशीर झाल्यास ही हानी पूर्णपणे भरून येत नाही.

पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व मुलांचा अभ्यास केला. बहुतेक मातांना फोलेट पुरेसे होते, पण निम्म्याहून अधिक जणींना बी-१२ कमी होते. ज्यांच्यात फोलेट जास्त व बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारे बदल अधिक आढळले.

म्हणून फोलिक ॲसिड टाळावे काय? मुळीच नाही. गर्भधारणेपूर्वीपासून ते घेतल्यास बाळाच्या मेंदूतील व पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष पुष्कळ अंशी टळतात, हे १९९१ साली सिद्ध झाले. मात्र बी-१२कडेही लक्ष हवे.

फोलेट पालक, मेथी व कडधान्ये यांत असते. भाजी फार शिजवून तिचे पाणी फेकू नये. बी-१२ मासे, मांस, अंडी व दूध यांतून मिळते. आपल्या घरी माशाचे कालवण होत असते, तेव्हा आपल्याला काळजी नाही, असे कोणी समजू नये. उतारवयात पोटातील आम्ल कमी होते, त्यामुळे अन्नातील बी-१२ अंगी लागत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचेही तसेच होऊ शकते.

घरातील वडीलधाऱ्यांना वरील लक्षणे दिसल्यास “वयच झाले” म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना बी-१२ची रक्ततपासणी करण्याविषयी विचारा, आणि ती होईपर्यंत स्वतःच्या मनाने केवळ फोलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नका.